पाळणाघराचा ठराव

मी ग्रामसेवक आहे. सरकारनं आता आमचं पदनाम बदललं आहे, पण गावात सगळे ‘भाऊसाहेब’च म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. एकतीस वर्षं नोकरी झाली, दीड वर्ष उरलं आहे. एवढ्या वर्षांत कुणाच्या एका पैशाला हात लावला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. खरं म्हणजे कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आज मात्र जे कुणालाच सांगत नाही ते लिहायला बसलो, आणि पहिल्या चार ओळींतच स्वतःचं कौतुक करून मोकळा झालो. ही माझी जुनी खोड आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. नरडाण्यापासून मोटारसायकलवर पंधरा मिनिटं, एवढं पुरे. औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे आमच्या हद्दीतही एकाची हौस जागी झाली आणि त्यानं जुन्या जिनिंगच्या आवारात पत्र्याचे गाळे बांधून बाहेर ‘बिझनेस पार्क’ अशी पाटी लावली. पार्क म्हणजे काय, तर एका गाळ्यात लहान मुलांचे फ्रॉक शिवतात, दुसऱ्यात मसाल्याच्या पुड्या भरतात, तिसऱ्यात तरुण मुलंमुली कानाला फोन लावून कुठल्या तरी कंपनीच्या गिऱ्हाइकांची बोलणी खातात. सुरुवातीला आम्ही पाटीला हसलो. वर्षभरात गावातल्या आणि शेजारच्या खेड्यांतल्या बाया सकाळी डबे घेऊन तिकडे जायला लागल्या, तेव्हा हसणं बंद झालं.

तिथल्या व्यवस्थापकानं पाळणाघराचा अर्ज आणला तो जुलै महिन्यात. आवाराच्या कोपऱ्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या, समोर लिंबाचं झाड, भोवती भिंत. कामावर येणाऱ्या बायांची लेकरं तिथं ठेवायची. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता आणि सोबत महिला ग्रामसभेची शिफारस. अर्ज त्यानं धेडगुजरी भाषेत लिहिला होता. मी त्याच्यासमोरच तो नीट करून दिला, दोन वाक्यं माझ्याकडची घातली आणि म्हणालो, “काम झालंच समजा.” तेव्हा मला खरोखर तसं वाटत होतं.

वाटायला कारण होतं. ज्या लेकरांसाठी ते पाळणाघर होणार होतं, त्यातलं एक माझ्या टेबलाखाली झोपायचं.

ही आमच्या शिपायाची नात. शिपायाला सगळे आबा म्हणतात. पाणी सोडणं, कार्यालय झाडणं, दवंडी देणं, नोटिसा वाटणं, सगळं त्यांच्याकडेच. घरात सासू नाही, मुलगा टेम्पो घेऊन सुरतेकडे असतो, सून फ्रॉकच्या गाळ्यात शिलाईला जाते. मशिनींजवळ लेकरू आणायची मनाई. मग अडीच वर्षांची ती पोर आजोबाबरोबर कार्यालयात यायची. आबा व्हॉल्व्ह फिरवायला निघाले की भर उन्हात त्यांच्या बोटाला धरून गावभर चालायची, आणि परत आली की माझ्या टेबलाखाली जुन्या फायलींच्या फडक्यावर आडवी व्हायची. गोल शिक्का तिला फार आवडायचा. तिच्या दोन्ही तळहातांवर मी कितीदा तरी ग्रामपंचायतीचा शिक्का मारून दिला आहे.

तिची आई माझ्याकडची. म्हणजे माझं गाव यावलकडचं, आणि तिचं माहेर तिथून दोन कोसांवर. मी एकदा फोनवर भावाशी केळीच्या घडांबद्दल बोलत होतो, ती दारात आबांचा डबा घेऊन आली होती. माझं बोलणं ऐकून तिथंच थांबली. “तुमी आमच्याकडचे?” एवढंच म्हणाली, पण चेहरा असा झाला होता की मलाच भरून आलं. इकडे सगळी अहिराणी. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी तिच्या ‘मले-तुले’ला अजून पोरी हसायच्या. त्या दिवसापासून मी तिचा माहेरचा माणूस झालो. मला ती भाऊसाहेब म्हणत नाही, भाऊ म्हणते. पोरीला तिनं ‘मामा’ म्हणायला शिकवलं. थंडीत वांगी चांगली आली की भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा डबा यायचा. मी धुळ्याला खोली करून एकटा राहतो, बायको गावी. तो डबा मी किती आवडीनं खायचो हे लिहायलाही आता नको वाटतं.

ती बारावी झालेली होती आणि बालवाडीचा कोर्सही केलेला होता. व्यवस्थापकानं तिला सांगून ठेवलं होतं की पाळणाघर झालं तर सांभाळायला तुलाच ठेवू. म्हणजे पोर नजरेसमोर आणि कामही हातात. तसं झालं नाही तर दिवाळीनंतर शिलाई सोडावी लागणार होती, कारण आबांना उन्हाचा त्रास व्हायला लागला होता आणि पोरीला घेऊन गावभर फिरणं त्यांच्यानं होईना. हे सगळं मला माहीत होतं. कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, तिनं स्वतः सांगितलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. चांगला नियम आहे. मी तो कसा पाळायचो ते सांगतो. सभेच्या दिवशी दुपारी आबा इतिवृत्ताची वही काखोटीला मारून घरोघर जायचे. पान उघडलेलं असायचं, वरचा अर्धा भाग कोरा, खाली सह्यांच्या रेघा. बाया चुलीवरून उठून यायच्या, ज्यांना येई त्या सही करायच्या, बाकीच्या अंगठा लावायच्या. संध्याकाळी आबा वही टेबलावर ठेवून म्हणायचे, “भाऊसाहेब, बठ्ठ्या सह्या व्हई ग्यात.” मग वरच्या कोऱ्या भागात मी सवडीनं सभा भरवायचो. कोण काय बोललं, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, चर्चा कशी खेळीमेळीत झाली. एकदा एका पानावर कणकेचं बोट उमटलं होतं. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, सभेत अल्पोपाहार ठेवला होता. साहेब खूश झाले.

मी जिथं जिथं काम केलं तिथं असंच केलं. बायांना दुपारी वेळ नसतो, त्यांना जमवून आणणं म्हणजे दिवस मोडणं, आणि जमल्या तरी त्या काय वेगळं सांगणार आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं. वर माझं अक्षर सुरेख आणि भाषा वळणदार. पंचायत समितीत माझी इतिवृत्तं इतरांना नमुना म्हणून दाखवत. त्यामुळे एखादं गावंढळ बोलणं ‘उपस्थित महिलांनी पोटतिडकीने मत मांडले’ असं करून लिहिण्यात मला मोठी मजा यायची. ज्या बाया बोलल्याच नव्हत्या त्यांच्या तोंडी मी वर्षानुवर्षं उत्तम मराठी घातलं.

ऑगस्टच्या सभेसाठी आबा वही फिरवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना कार्यालयात आले. नाना म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. बाई सही करतात, बाकीचं नाना पाहतात. माणूस वाईट नाही, बोलायला तर गोडच. चहा मागवला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाले, “भाऊसाहेब, बठ्ठ्या बाया तठे गयात तर कापूस कोन येची?”

मी हसलो. तेही हसले. मागच्या हंगामात वेचणीला बाया मिळाल्या नव्हत्या, सातपुड्याच्या पायथ्याहून पिकअपमध्ये माणसं आणावी लागली होती. लेकरामुळे ज्या बाया अजून गावात होत्या, त्यांच्यावरच सगळ्यांची वेचणी अवलंबून होती. लेकरांची सोय झाली की त्याही जाणार. हिशोब सरळ होता आणि सदस्यांपैकी बहुतेकांच्या शेतात कापूसच होता.

“पण नाना, असं कारण लिहिता येत नाही,” मी म्हणालो.

“मंग दुसरं लिखा,” ते म्हणाले. “तुमन्यासारखं लिखनारं आठे दुसरं कोन शे?”

एवढंच झालं. मला कुणी धाक घातला नाही, बदलीची भीती दाखवली नाही. चहा पाजला आणि अक्षराची तारीफ केली. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर नाना फार तर महिनाभर घुश्श्यात राहिले असते. मी म्हणालो, “बघतो काहीतरी.”

रविवारी सकाळी धुळ्याच्या खोलीत वही उघडून बसलो. कारण शोधायला वेळ लागला नाही. ‘सदर जागा वाहतुकीच्या रस्त्यालगत असल्याने लहान बालकांच्या जीवितास धोका संभवतो.’ रस्त्यालगत भिंत होती, मी पाहिलेली होती. तेवढ्या एका वाक्यावर काम भागलं असतं. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नातीनं तिच्या पाळणाघरात हत्ती रंगवला होता, तो तिनं मला दाखवला. हत्ती हिरवा होता. मी म्हणालो, वा, तुमच्या ताई फारच छान शिकवतात हं. मुलगी म्हणाली, बाबा, हे पाळणाघर नसतं तर मला नोकरी सोडावी लागली असती. मी म्हणालो, खरं आहे बाई, तुझं नशीब चांगलं. फोन ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पुढचं वाक्य लिहिलं: ‘बालकांचे संगोपन घरातच, कुटुंबाच्या मायेच्या छायेत व्हावे, असे उपस्थित महिलांनी एकमुखाने प्रतिपादन केले.’

हे वाक्य माझ्याकडे कुणीही मागितलं नव्हतं. नानांनीसुद्धा नाही. ते मला सुचलं, आवडलं, आणि मी ते दोनदा वाचूनही पाहिलं.

राहिले सूचक आणि अनुमोदक. ठराव मांडणारीचं आणि त्याला दुजोरा देणारीचं नाव लिहावंच लागतं. मी नेहमी खालच्या सह्यांवर नजर टाकून ज्यांचं अक्षर बरं असेल त्यांची नावं उचलायचो. अंगठेवाल्या बाईनं ठराव मांडला असं दिसू नये म्हणून. त्या पानावर बहुतेक अंगठे होते. सगळ्यात वर, पहिल्याच रेघेवर, एक स्वच्छ, पूर्ण सही होती. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, काही गाळलं नव्हतं. मी ती उतरवून घेतली. सूचक म्हणून तिचं नाव लिहिताना ती कोण हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी पुढे दोन-चारदा स्वतःला सांगून पाहिलं. ध्यानात आलं होतं. हात क्षणभर थांबलाही होता. पण अनुमोदकाच्या जागी नानांच्या भावजयीचं नाव घातलं होतं, तेव्हा सूचक आबांच्या घरातली असली की ठराव गावातल्या सगळ्या थरांतून आल्यासारखा दिसेल, असा कारभारी विचार माझ्या डोक्यात आला आणि मी लिहून टाकलं.

ग्रामसभेत ठराव मी भराभर वाचले. पंधरा-वीस माणसं होती, एकही बाई नव्हती. आबांची सून त्या वेळी गाळ्यात फ्रॉक शिवत होती. व्यवस्थापकाला नकाराचं पत्र गेलं. त्यानं रीतसर अर्ज करून ठरावाची नक्कल मागितली, आणि ती मीच माझ्या सहीनं दिली.

नवरात्राच्या आसपास एका दुपारी ती नकलेची झेरॉक्स घेऊन कार्यालयात आली. पोर टेबलाखाली झोपलेली होती. आबा टाकीवर गेले होते. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला, उभीच राहिली.

“भाऊ, सूचक म्हणजे कोण?”

“ठराव मांडते ती.”

“मंग हा मी मांडला?”

मी कागद हातात घेतला, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की नकलेत चूक झाली असेल. ती म्हणाली, “नकलेत नही, भाऊ. पार्कच्या सायबांनी वही पाहायला मागतली तर मी काय सांगू? सही माहीच आहे.”

मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. आबा वही घेऊन आले तेव्हा गाळ्याला सुट्टी होती आणि ती घरी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, कायची सही? आबा म्हणाले, पाळणाघराची. आबांनाही तेवढंच माहीत होतं. तिनं हात धुतला, पुसला, आणि सगळ्यांच्या आधी आपलं नाव यावं म्हणून पहिल्या रेघेवर सही केली. नेहमी ती नुसती दोन अक्षरं ओढते. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं होतं.

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण माणूस गडप होत नाही, खुर्चीवर बसून राहतो. मी म्हणालो, “बस ना. पाणी घे.”

व्यवस्थापकानं तिला बोलावून घेतलं होतं. माझ्याकडे सोय माग आणि गावात जाऊन विरोध कर, असली दुतोंडी बाई मला नको, असं तोंडावर सांगितलं होतं. गाळ्यातल्या बाया तर त्याहून पुढे गेल्या होत्या. सासऱ्याची नोकरी टिकावी म्हणून हिनं नानांपुढे मान डोलावली आणि आमच्या लेकरांचा तोंडचा घास काढला, असं त्यांचं म्हणणं. दुपारी जेवायला तिच्याजवळ कुणी बसेना. ज्यांनी स्वतः त्याच पानावर अंगठे दिले होते, त्यांनाही आपण कशावर अंगठा दिला हे माहीत नव्हतं. नाव छापल्यासारखं स्पष्ट दिसत होतं ते हिचंच.

“दुरुस्ती करू,” मी म्हणालो. “करता येते.”

करता येते. पुन्हा सभा बोलवायची, खरीखुरी, आणि आधीचा ठराव बदलायचा. पण त्यासाठी आधीची सभा झालीच नव्हती हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी आठवडा काढला, मग दुसरा काढला. कार्यालयात गेलो की ती येते का याची धास्ती, आणि आली नाही की बरं वाटायचं. शेवटी व्यवस्थापकानंच वर तक्रार केली की महिला ग्रामसभा कागदावरच झाली आहे, आणि विस्तार अधिकारी चौकशीला येणार असल्याचं पत्र आलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन आली. या वेळी बसली. माझ्याशी बोलताना तिनं एकदाही आवाज चढवला नाही, आणि तेच मला जड जात होतं.

“भाऊ, मी उद्या आबांविरुद्ध बोलणार नही,” ती म्हणाली. “वही त्यायनं फिरवली. मी खरं सांगतलं तर पहिले त्यायलेच घरी बसवतील. त्यायच्या पगारावर आमची चूल पेटते.”

“खरं आहे.”

“पण तुमाले सांगता येते. मजकूर मी मागून लिहिला, चूक झाली, एवढंच म्हणा. आबांचं नाव कायले घ्यायचं? पुन्हा सभा घेतील. मंग मी येते, बायाईले घेऊन येते.”

किती विचार करून आली होती ती. सासऱ्याला वाचवायचं, पाळणाघर वाचवायचं, आणि माझ्यावरही फार येऊ नये अशी वाट तिनं शोधली होती. एक चूक कबूल केलेल्या म्हाताऱ्या ग्रामसेवकाचं काय होतं? ताकीद, फार तर एक वेतनवाढ रोखतात. फासावर कुणी देत नाही. हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी म्हणालो, “सांगतो.”

मी ‘बघतो’ म्हणालो नाही. नोकरीत मी हजारदा ‘बघतो’ म्हटलं असेल. तिला मी ‘सांगतो’ म्हणालो. पोर मांडीवरून उतरून टेबलापाशी आली आणि तळहात पुढे करून म्हणाली, “मामा, शिक्का.” मी दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खिडकीजवळ टेबल लावलं. जबाब सूचक आणि अनुमोदकाचेच घ्यायचे, असा साहेबांचा रिवाज. शंभर अंगठ्यांना कोण विचारत बसतो. नानांची भावजय पदर सावरत आली, हो म्हणाली आणि गेली. मग हिला बोलावलं. आबा दाराशी उभे होते, पंखा असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता. जबाब लिहायला साहेबांनी मलाच बसवलं. ज्याच्या वहीची चौकशी त्यानंच जबाब लिहायचा, यात त्यांना वावगं वाटलं नाही, मलाही तेव्हा वाटलं नाही.

“हा ठराव सभेत तुम्हीच मांडला का?” साहेबांनी विचारलं.

आबांकडे तिनं पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी कागदाखाली पॅड नीट करत होतो. पॅड नीटच होता.

साहेबांनी पुन्हा विचारलं.

आतासुद्धा वेळ होती. ‘साहेब, एक मिनिट’ म्हणायचं, बस्स. शब्द तोंडात तयार होते. त्याच वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं तर निरोप समारंभ. पंचायत समितीच्या सभागृहात शाल, श्रीफळ, आणि ‘बत्तीस वर्षांच्या सेवेत एकही डाग नाही’ असं कुणीतरी माझ्याबद्दल बोलतं आहे. ते वाक्यसुद्धा मीच मनातल्या मनात लिहून ठेवलेलं होतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच मांडला.”

मी लिहिलं. ‘सदर ठराव मी स्वखुशीने मांडला असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ स्वखुशीने हा शब्द तिचा नव्हता. तिनं जबाब हातात घेऊन वाचला, त्या शब्दावर थोडी थांबली, आणि सही केली. दोन अक्षरं ओढली.

मग साहेब माझ्याकडे वळले. “ग्रामसेवक, तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. आणि तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी खोड. “इतिवृत्त सभेतच, सर्वांसमक्ष लिहिलेलं आहे.”

ती पोरीला उचलून निघून गेली. आबांनी साहेबांसाठी चहा आणला.

महिलांचाच विरोध असल्यामुळे अर्ज निकाली काढण्यात आला. लिंबाच्या झाडामागच्या त्या दोन खोल्यांत आता पुठ्ठ्याची खोकी भरलेली असतात. तिनं दिवाळीनंतर शिलाई सोडली. आबा आता पोरीला कार्यालयात आणत नाहीत. काही म्हणाले नाहीत, फक्त आणत नाहीत. डबा येणं बंद झालं हे सांगायला नको.

जानेवारीच्या सुरुवातीला मी मोटारसायकलवर धुळ्याकडे परतत होतो. नानांच्या शेतात दुसरी वेचणी चालली होती. बांधाजवळ बाभळीला झोळी बांधलेली, पण पोर झोळीत मावण्याएवढी राहिली नव्हती; ती खाली मातीत बसून बोंडाची टरफलं एकात एक घालत होती. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली तशी तिची आई सरींमधून धावत आली, पोरीला बांधाच्या आत ओढलं, आणि मान वर केली तर समोर मी. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, हात बोंडांनी ओरखडलेले. मी थांबलो. थांबायला नको होतं, पण थांबलो. “कशी आहेस?” असं विचारलं.

ती बरी आहे म्हणाली. मग थोडा वेळ पोरीच्या डोक्यावरची माती झाडत राहिली. मी तिच्याकडून ऐकायला तयार झालो होतो, खरंच झालो होतो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्या मी खाल्ल्या असत्या, आणि घरी जाऊन तेवढ्यावर स्वतःला मोठं मानलं असतं.

“भाऊ, तुमी घाबरू नका,” ती म्हणाली. “मी कोणालेच सांगणार नही. तुमचं दीड वर्ष राहिलं ना? नीट पार पडू द्या.”

एवढं बोलून ती पोरीला घेऊन सरीत परत गेली. टोमणा नव्हता तो, मी तिचा चेहरा पाहिला. तिला माझी काळजी वाटली होती. आणि मला, इथं तरी खरं लिहितो, हायसं वाटलं. पोटातून हायसं वाटलं. मी गाडीला किक मारली आणि निघालो. फाट्यावर पोलिसानं हात केला म्हणून गाडी थांबवली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की बांधापासून तिथपर्यंत मी शीळ घालत आलो होतो.